बदकांचा तक्ता: छपाई झकास, गोतावळा चुकलेला

नातवाच्या प्रोजेक्टसाठी दादरला स्टेशनजवळच्या एका दुकानातून बदकांच्या वर्गीकरणाचा लॅमिनेटेड तक्ता घेतला. १८० रुपये. छपाई झकास. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच इतकी स्वच्छ आलीय की कडेचे कंगव्यासारखे दाते मोजावेत.

पण बदकांच्या रांगेत वारकरी पक्षी बसवलाय! काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, तोच तो. अहो, तो बदकांच्या ॲनाटिडी कुळातला नाहीच. पाणकोंबडीचा भाऊबंद, रॅलिडी कुळातला. भांडुप पंपिंग स्टेशनजवळ, पक्षी बघायच्या जागी, काठावर आला की पाय बघा. बदकाची पुढची तीन बोटं पडद्याने जोडलेली असतात, याच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्यालाही शेजारीच कोंबलंय, तिचा गणच (अनेक कुळांचा मोठा गट) वेगळा.

थापट्याचं शास्त्रीय नावही जुनंच. वर्गीकरणाचा जनक लिनियसने १७५८ साली त्याला ॲनस प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर ती प्रजाती फोडली, आता तो स्पॅट्युला क्लिपिएटा. हळदीकुंकू बदक मात्र अजून ॲनसमध्येच आहे. त्याच्या काळ्या चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी असलेले लाल ठिपके काय सुरेख छापलेत!

तक्रार घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, पोहतं ना ते? मग?" बदलून काही दिला नाही. शेवटी वारकऱ्यावर पांढरा कागद चिकटवला. नातू म्हणतो, आजोबा, आता तिथे भोक पडल्यासारखं दिसतंय.

तीन तारे. त्यातले दोन थापट्याचे.