ईएसपी३२-सी३ : चिप खणखणीत, बोर्ड मात्र पारखून घ्या

ईएसपी३२-सी३ ही वायफाय असलेली मायक्रोकंट्रोलर चिप, म्हणजे उपकरणं चालवणारा एका चिपवरचा छोटा संगणक. ती एस्प्रेसिफ या शांघायच्या कंपनीची. या कंपनीचा स्वतःचा चिप कारखाना नाही. चिपची आखणी ती करते, घडवण्याचं काम टीएसएमसीसारख्या फाउंड्रीकडे असतं. २००८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचं नाव सर्वतोमुखी झालं ते २०१४ मध्ये, ईएसपी८२६६ या चिपमुळे. दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरला एटी कमांडवर (साध्या मजकुरी आज्ञांवर) वायफाय पुरवायचं, एवढंच या चिपचं काम होतं. पण आत ८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. कंपनीने एसडीके (चिपसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन) खुलं केलं आणि लोकांनी तो बाहेरचा मायक्रोकंट्रोलरच काढून टाकला. मग २०१६ मध्ये ईएसपी३२ आली, २०१९ मध्ये शांघायच्या स्टार मार्केटवर शेअरची नोंदणी झाली आणि २०२३ मध्ये विकलेल्या चिप्सचा आकडा १ अब्जाच्या पुढे गेला. सविस्तर डेटाशीट, गिटहबवर खुलं असलेलं ईएसपी-आयडीएफ हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन, आणि चुकांची यादी म्हणजे एराटासुद्धा जाहीर. आमच्या मते कंपनीच्या वाढीचं मोठं श्रेय या मोकळेपणाला जातं.

वाढीबरोबर नावांचा पसारा मात्र झाला. एस२ मध्ये ब्लूटूथ नाही, एच२ मध्ये वायफाय नाही, पी४ मध्ये तर रेडिओच नाही. तरी सगळ्यांच्या नावात ‘ईएसपी३२’ आहेच. त्यामुळे खरेदीआधी शेवटची दोन अक्षरं नीट वाचा. साध्या सेन्सर नोडसाठी (माप घेऊन ते वायफायवर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रासाठी) या घराण्यातली आमची पसंती सी३ ला.

सी३ म्हणजे १६० मेगाहर्ट्झचा एकच रिस्क-व्ही (खुली प्रोसेसर रचना) कोर, ४०० केबी रॅम, २.४ गिगाहर्ट्झ वायफाय आणि कमी वीज खाणारं ब्लूटूथ एलई ५. क्लासिक ब्लूटूथ नसल्याने ऑडिओ स्पीकरसाठी ती उपयोगाची नाही. फ्लोटिंग पॉइंट युनिटही नाही, त्यामुळे दशांशाची जड गणितं रेंगाळतात. पण तापमान वाचून सर्व्हरला पाठवायचं असेल तर ती पुरून उरते. यूएसबी-सिरियल चिपमध्येच आहे. जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुट पिना) १८ आणि १९ थेट यूएसबीला जोडल्या की वेगळी कन्व्हर्टर चिप लागत नाही.

पिना निवडताना चूक हमखास होते ती २, ८ आणि ९ या स्ट्रॅपिंग पिनांवर. चिप सुरू होताना त्यांची पातळी वाचते. ९ लो आणि ८ हाय असेल तर डाउनलोड मोड (नवा प्रोग्रॅम घेण्याची अवस्था) सुरू होतो. म्हणून ९ वर पुलडाउन (पातळी लो धरणारा रेझिस्टर) असलेला मॉस्फेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) जोडला की टेबलावर नीट अपलोड झालेला प्रोग्रॅम वीज गेल्या-आल्यानंतर चालूच होत नाही, आणि माणूस तासन्‌तास कोडमध्ये चूक शोधत बसतो. आयटूसी (सेन्सर जोडण्याची दोन तारांची पद्धत) तिथे चालतं, कारण त्याचे पुलअप रेझिस्टर पातळी हायच ठेवतात. अ‍ॅनालॉगसाठी जीपीआयओ ० ते ४ एवढ्याच धरा. एडीसी२ (अॅनालॉग वाचणारा दुसरा भाग) बेभरवशाचा आहे आणि एराटातही तसं नमूद आहे. डीप स्लीपमधून (चिपच्या गाढ झोपेतून) पिनने उठवायचं असेल तर ० ते ५ मधलीच पिन लागते.

पुरवठा ३.३ व्होल्टचा, किमान ५०० मिलिअँपिअर देणारा हवा. ट्रान्समिट करताना क्षणभर ३३५ मिलिअँपिअरपर्यंत ओढ जाते. बारीक, लांब वायर असेल तर नेमका त्याच क्षणी व्होल्टेज बसतो आणि ब्राउनआउट रिसेट होतो, म्हणजे चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मॉड्यूलच्या पुरवठा पिनेलगत १० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर लावा. चिप चालू-बंद करणाऱ्या ईएन पिनेला १० किलोओहमचा पुलअप आणि ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

आता बॅटरीचं. डीप स्लीपमध्ये चिप ५ मायक्रोअँपिअर घेते. दर १५ मिनिटांनी ३ सेकंद जागी होऊन सरासरी १०० मिलिअँपिअर ओढत असेल तर हिशोबाची सरासरी ०.३४ मिलिअँपिअरच्या आसपास येते. म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी कागदावर ८ महिने पुरते. पण बोर्डावर १११७ जातीचा रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) असेल तर तो एकटाच सुमारे ५ मिलिअँपिअर गिळतो. मग तीच बॅटरी पंधरवड्यात संपते. शिवाय त्याला इनपुट आणि आउटपुटमध्ये एक व्होल्टहून जास्त फरक लागतो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तो ३.३ देऊच शकत नाही. पॉवर एलईडीही काढून टाका. जागं राहण्याचा वेळ घटवायला राउटरचा चॅनल आणि बीएसएसआयडी (राउटरच्या रेडिओचा पत्ता) झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत जपा आणि आयपी स्थिर द्या. स्कॅन आणि डीएचसीपी (राउटरकडून आयपी मागणं) या दोन्हींचा वेळ वाचतो.

अगदी छोट्या, स्वस्त बोर्डांवर आणखी एक दुखणं आढळतं. सिरॅमिक अँटेना क्रिस्टलला आणि तांब्याच्या थराला खेटून बसवलेला असतो. स्कॅनमध्ये राउटर दिसतो, सिग्नल बरा दिसतो, पण जोडणी होत नाही. अशा वेळी वायफाय सुरू केल्यानंतर ट्रान्समिट पॉवर ८.५ डीबीएमवर आणून पाहा. आयडीएफच्या फंक्शनमध्ये आकडा पाव डीबीएमच्या पटीत द्यायचा असतो, म्हणून तिथे ३४ लिहायचे. पुष्कळदा जोडणी लागते, पण पल्ला कमी होतो. जागा थोडी जास्त गेली तरी चालेल, पत्र्याचं झाकण आणि स्वतःचा पीसीबी अँटेना असलेलं एस्प्रेसिफचं मूळ मिनी-१ किंवा व्रूम-०२ मॉड्यूल बसवलेला बोर्डच घ्या, आणि अँटेनाचं टोक पीसीबीच्या कडेबाहेर राहील असा ठेवा.

स्लीपमध्ये गेल्यावर यूएसबी पोर्ट गायब होतो आणि नवा प्रोग्रॅम चढत नाही. बूट बटण दाबून धरा, रिसेट एकदा दाबून सोडा, मग बूट सोडा. पोर्ट परत येतो. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला प्रोग्रॅम चालवणं) किंवा फ्लॅश एन्क्रिप्शन (मेमरीतला मजकूर कूटबद्ध ठेवणं) वापरणार असाल तर आधी एक जादा मॉड्यूल हाताशी ठेवून त्यावरच सराव करा. त्यांची सेटिंग कायमची नोंदवणारा चिपमधला ई-फ्यूज एकदा जळला की परत फिरवता येत नाही.