बर्डीवरचा स्पोकन इंग्लिश क्लास: सिन्स, फॉर, अगोसाठी नक्की जा, नोट्स मात्र घेऊ नका

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, स्पोकन इंग्लिशचे क्लास पायलीला पन्नास आहेत, नाव नाही घेत, पण मी जिथे जातो तिथले सर वेळेची क्रियाविशेषणं शिकवतात ना, तसं शाळेत कोणीच शिकवलं नव्हतं बाप्पा. आपल्याकडे इंटरव्ह्यूत 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह मंथ्स' हमखास ऐकू येतं, सर तिथूनच सुरू करतात. बोर्डावर एक आडवी रेघ, एका टोकाला जून, दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर म्हणजे आज. जूनवर बोट ठेवलं की सिन्स जून, अख्खी रेघ मोजली की फॉर फाइव्ह मंथ्स, अन् दोन्हीसोबत 'हॅव बीन वर्किंग', कारण नोकरी अजून चालूच आहे. अगो आलं की हॅवला सुट्टी, साधा भूतकाळ, 'आय जॉइन्ड फाइव्ह मंथ्स अगो'. कोणी 'फाइव्ह मंथ्स बिफोर' म्हटलं की सर लगेच, "बिफोर व्हॉट?"

यट, स्टिल, ऑलरेडीसाठी मेट्रो. झाशी राणी स्टेशनवर उभे आहोत असं समजायचं. 'द ट्रेन हॅजन्ट कम यट' म्हणजे येईल, थांबलोय. 'स्टिल हॅजन्ट कम' म्हटलं की डोकं तापलेलं. 'हॅज ऑलरेडी लेफ्ट' म्हणजे गेली ना भाऊ, वाटलं त्याच्या आधीच. यट शेवटी, स्टिल हॅजन्टच्या आधी, ऑलरेडी हॅजच्या नंतर, पाठ न करता बसतं डोक्यात. एका पोरीनं विचारलं की अमेरिकन लोक तर 'डिड यू ईट यट' म्हणतात, तर सरांनी उडवून नाही लावलं, तिकडे चालतं, ब्रिटिश वळणात 'हॅव यू ईटन यट' असं नीट सांगितलं.

आता रडगाणं. ऑलवेज, युज्वली, ऑफनचं शेवटी नुसतं उरकलं, 'ही इज ऑलवेज लेट' पण 'ही ऑलवेज कम्स लेट', बस, झाला चॅप्टर. प्रॅक्टिस शून्य. अन् छापील नोट्सचे पैसे वेगळे, त्यात चक्क 'येस्टरडे नाइट' छापलंय, अरे लास्ट नाइट असतं ते, ग्रामरच्या क्लासमध्ये तरी तपासून छापा ना! उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात मागच्या बाकांवर घंटा काही ऐकू येत नाही, म्हणून पुढेच बसा. बॅच सकाळची घ्या, सायंकाळी बर्डीवर गाडी लावायला जागा भेटत नाही.