आजी, माई की नानी? नातवंडाच्या तोंडी कोणती हाक बसवायची

बारशासाठी चांदीचा वाटी-चमचा घ्यायला आम्ही दोघं सराफाकडे गेलो. नाव कोरणाऱ्याने वाटी हातात धरून विचारलं, "कोणाकडून घालू?" लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, नात ९ दिवसांची, १२व्या दिवशी बारसं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. व्याही आणि विहीणबाईंचंही हे पहिलंच नातवंड, म्हणजे दोन्ही घरी आजी आणि दोन्ही घरी आजोबा. शिवाय पोर वाढणार बेंगळुरूत. "उद्या सांगतो" म्हणून निघालो आणि घरी तोच विषय पुरला. तुमच्याकडेही पाळणा हलायचा असेल तर आमचा विचार उपयोगी पडेल, म्हणून मांडतेय.

हाक मूल ठरवत नाही, घर ठरवतं. एकत्र कुटुंबात मुलं सख्ख्या आईला 'वहिनी' म्हणत, कारण काका-आत्यांच्या तोंडून दिवसभर तेच ऐकू येई. माझ्या सासूबाईंना सगळी नातवंडं 'आई' म्हणायची, आम्ही सुना 'मम्मी' झालो. त्यात प्रेम होतंच, पण शाळेत "आईला बोलाव" म्हटलं की पोरांचा गोंधळ उडायचा. त्यामुळे 'आई' किंवा 'मोठी आई' हवं असेल तर सुनेला, लेकीला आधी मोकळेपणी विचारा. बाळाच्या आईची हाक आपण घेऊ नये, असं माझं मत.

नुसतं 'आजी-आजोबा' सगळ्यात सोपं. कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हे शब्द साऱ्या गावाचे आहेत. बसमध्ये पांढरे केस दिसले की कुणीही "आजोबा, इथे बसा" म्हणतं. आणि दोन जोड्या ओळखायच्या कशा? गावाचं नाव जोडतात, पुण्याची आजी, नाशिकची आजी. त्यापेक्षा मुलांनी स्वतः लावलेली ओळख मला जास्त आवडते. आमच्या शेजारची चिमुरडी एकीला 'झोपाळ्याची आजी' म्हणते, दुसरीला 'मनीमाऊची आजी'. घर बदललं तरी ती ओळख टिकेल.

आता तोंडात बसण्याचं. 'आजी'तला ज आणि 'आजोबा'तला ज एक नाहीत, मोठ्याने म्हणून पाहा. 'आजोबा'तला ज दाताजवळ घासून येतो, तो लहान जिभेला जड जातो. म्हणून मधलं गाळून 'आबा' आपोआप होतं. ओठ मिटून उघडले की 'बा' आलाच. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी तर 'आबा'च बरं.

'आबा'ने आणखी एक गोष्ट साधते, आणि आमच्या घरी सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच बोलणं झालं. बहुतेक मराठी घरांत "ए आजी, तू" आणि "अहो आजोबा, तुम्ही" असं चालतं. आजीच्या मांडीवर धावत जायचं, आजोबांसमोर नीट बसायचं. माझ्या नवऱ्याने वडिलांना जन्मभर 'अहो' म्हटलं. त्या रात्री तो म्हणाला, "मला तिने ए म्हणायला हवंय." 'ए आजोबा' कानाला अडखळतं, 'ए आबा' सहज येतं.

नाना, अण्णा, तात्या, अप्पा, माई, अक्का ही आपली जुनी घरगुती नावं मला फार प्रिय आहेत. नाना फडणवीसांचं मूळ नाव बाळाजी, तात्या टोप्यांचं रामचंद्र, पण इतिहासात घरातलीच हाक राहिली. भाचे-पुतणे आधीच तुम्हाला माई किंवा तात्या म्हणत असतील तर तेच चालू ठेवा, नातवंड आपोआप उचलेल. फक्त मूल कुठे वाढणार ते बघा. बेंगळुरूत 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ, रिक्षावालाही अण्णाच. 'अक्का' म्हणजे ताई आणि 'अप्पा' म्हणजे चक्क वडील. उलट कानडीत आजीला 'अज्जी'च म्हणतात, त्यामुळे तिथे आपली आजी जशीच्या तशी चालते.

'दादा-दादी' आणि 'नाना-नानी'चा फायदा खरा आहे. वडिलांकडचे कोण, आईकडचे कोण, एका शब्दात कळतं. आपल्याकडे आईच्या माहेराला 'आजोळ' आहे, पण माणसांना वेगळे शब्द नाहीत. तरी मराठीत दादा हा थोरला भाऊ. खालच्या मजल्यावरचा दहा वर्षांचा मुलगा दादा आणि आजोबाही दादा, हे मला पटत नाही. जावई किंवा सून हिंदी, गुजराती घरातली असेल तर मात्र प्रश्नच मिटतो. तिकडे त्यांचं, इकडे आपलं.

घरात पिढ्यांपासून वेगळा शब्द असेल तर तो सोडू नका. मालवणीतला 'आजो', कोल्हापूरकडची ठसठशीत 'आज्जी', गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतले आजोबांसाठीचं 'शपाय' आणि आजीसाठीचं 'शमाय' आपण वापरले नाहीत तर नातवंडांना कुठून मिळणार?

ग्रॅनी आणि ग्रँडपाचा विचार आम्ही केला नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना फोन लावला. त्यांना पुतणे 'माई' म्हणतात, त्यांनी तेच ठेवलं. व्याही 'आजोबा'च राहिले. आम्ही वाटीवर 'आजी-आबांकडून' कोरून आणलं. लेक बाळाला न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळत होती. वाटी बघून तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, बाळाला माझ्याकडे देताना "आई" म्हणता म्हणता थांबली आणि म्हणाली, "आजी, घे गं हिला."