राखणदार असलेल्या किनाऱ्यावर सहा दिवस

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या, मालवणजवळच्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर आहे आणि त्यातल्या दोन खोल्या आम्ही ‘निवास व न्याहारी’ योजनेखाली पर्यटकांना देतो, त्यामुळे दुसऱ्याच्या दारी पाहुणा होऊन राहण्याचा योग आम्हांला क्वचितच येतो. २०२४ साली दिवाळीची गर्दी ओसरल्यावर मी, माझी पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई असे तिघे थायलंडच्या क्राबी प्रांतातील कोह लांता बेटावर सहा दिवस राहून आलो. आमचा मुक्काम ख्लोंग दाओ या किनाऱ्यावर, एका थाई कुटुंबाने चालवलेल्या मोजक्या लाकडी खोल्यांच्या जागेत होता. नुसत्या समुद्रासाठी देवबागच्या माणसाने इतक्या दूर जावे असे मी म्हणणार नाही. तिथे जो विसावा मिळाला, त्यात तिथल्या रीतिभातींचा वाटा मोठा होता.

प्रवास लांबचा आहे. मुंबईहून बँकॉकमार्गे क्राबी, तिथून व्हॅन, मग गाड्यांसकट माणसे पलीकडे नेणारी फेरीबोट, आणि लांता नोई व लांता याई या दोन बेटांना जोडणारा पूल, इतके टप्पे झाल्यावर खोली गाठता येते. वयस्कर माणूस सोबत असेल, तर बँकॉकला एक रात्र थांबणे उत्तम.

जागेच्या फाटकातून आत शिरताच डाव्या हाताला एका खांबावर उभारलेले छोटेसे देवघर दिसले. त्याच्यापुढे झेंडूची माळ, उदबत्त्या आणि स्ट्रॉ घालून उघडून ठेवलेली लाल सरबताची बाटली होती. आईने चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाली, “अरे, हो तर आपलोच राखणदार!” तिचे म्हणणे अगदी खरे होते. या देवघराला थाई भाषेत ‘सान फ्रा फूम’ म्हणतात, त्यातला ‘फूम’ म्हणजे आपली ‘भूमी’च, आणि घर बांधून ज्याची जागा आपण घेतली त्या भूमीच्या रक्षकाला राहण्यासाठी मानाने दुसरी जागा द्यावी, ही त्यामागची भावना आहे. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या गावराख्या देवाला, चपलांचा जोड आणि केळ्यांचा घड वाहणाऱ्या आमच्या मुलखातल्या माणसाला त्या लाल सरबताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. यजमानीणबाई रोज सकाळी तिथे पाणी ठेवत आणि ओठांतल्या ओठांत काही बोलत. शब्द कळत नसले, तरी ते आपण देवापुढे घालतो तसे गाऱ्हाणेच होते, याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती.

तिथल्या नमस्काराला ‘वाय’ म्हणतात. हात जोडून मान लववायची, आणि समोरचा जितका मोठा तितके जोडलेले हात वर न्यायचे. बरोबरीच्या माणसासाठी हनुवटीशी, वडीलधाऱ्यांसाठी नाकाशी, भिक्खूंसाठी थेट भुवयांपर्यंत. लहानाने आधी वाय करावा असा संकेत असल्यामुळे यजमानांची मुले शाळेतून आली की आधी आईपुढे वाकत. तोंडाने म्हणायचा शब्द ‘सवातदी’, म्हणजे आपल्या ‘स्वस्ति’चेच रूप, पुरुषाने त्यापुढे ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडायचे. डोक्याला हात लावणे मात्र तिथे अनादराचे मानतात. कौतुकाने नातवंडाच्या डोक्यावरून हात फिरवण्याची आईची सवय असल्याने तिला हे आधी सांगून ठेवावे लागले. पाय कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, करून बसू नये आणि उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढावीत, हे आम्हांला निराळे शिकावे लागले नाही.

पण या जागेचा खरा गुण मला दुसऱ्या दिवशी कळला. न्याहारीला पाव, अंडी आणि सॉसेज असा परदेशी पाहुण्यांना चालणारा बेत होता. आईने त्यातले काहीच घेतले नाही, फक्त चहा प्यायली. कोणी येऊन ‘का खाल्ले नाही’ असे विचारले नाही, आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढे वाफाळत्या भाताचा वाडगा आला, त्यात माशाचे तुकडे आणि वर बारीक चिरलेली कोथिंबीर. ‘खाओ तोम’ नावाची ती आपली पेजच होती. दुसऱ्याला अवघडल्यासारखे होऊ नये, आपला भार त्याच्यावर पडू नये, या जाणिवेला थाई लोक ‘क्रेंग जाय’ म्हणतात. आपल्याकडे ‘भीड’ हा शब्द आहे; पण तो बहुतेक वेळा उणेपणाने वापरला जातो, आणि तिथे तीच गोष्ट चांगल्या संस्काराची खूण समजली जाते. दुपारभर सुरूच्या सावलीत आई झोपून असे आणि तिच्या आसपास कोणी मोठ्याने बोलत नसे. आम्ही पाहुण्यांना ‘अजून एक सोलकढी घ्या’, ‘डॉल्फिन बघायला जाणार ना’ असे दिवसातून दहा वेळा विचारतो. ते प्रेमापोटीच असते. तरी परत आल्यापासून मी तो आग्रह जाणीवपूर्वक कमी केला आहे.

१५ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्याच रात्री, तिथे ‘लोय क्रथोंग’ हा सण होता. यजमानीणबाईंनी दुपारी आईला ओसरीवर शेजारी बसवून घेतले आणि दोघींनी, एकमेकींच्या भाषेतला एक शब्द कळत नसताना, केळीच्या बुंध्याच्या चकत्यांवर केळीची पाने दुमडून द्रोण केले. त्यांत फुले, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती लावून रात्री ते पाण्यात सोडायचे आणि वर्षभर पाणी वापरले, घाण केले, त्याबद्दल ‘फ्रा मे खोंगखा’ची क्षमा मागायची. खोंगखा म्हणजे गंगामाता. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या आईने आपला द्रोण सोडताना मालवणीतच प्रार्थना केली.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. दक्षिण थायलंडची ‘केंग सोम’ ही हळदीची, आंबट आणि झणझणीत माशाची आमटी मालवणी जिभेला लगेच रुचते, आणि वाळवलेला जवळा खाणाऱ्याला ‘कापी’ या आंबवलेल्या कोळंबीच्या वाटणाचा वास खटकत नाही. शाकाहारी वाचकांनी मात्र सावध राहावे, कारण माशाचे ‘नाम प्ला’ हे पाणी भाजीतही घालतात.

मालिशीसाठी तासाला ३०० बाट, म्हणजे साधारण साडेसातशे रुपये पडले. २०१९ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेली ही पारंपरिक पद्धत सैल कपडे घालून, तेलाशिवाय, चटईवर दाब देऊन आणि अंग ताणून केली जाते. मालिश करणाऱ्या बाईंनी आईचे गुडघे दुखतात हे आधी विचारून घेतले आणि तिथे हात हलका ठेवला.

एक तक्रार गंभीर आहे. चार बेटांची सहल आम्ही बाहेरच्या एका दलालाकडून घेतली. त्यातल्या कोह मूक बेटावरच्या गुहेत सुमारे ८० मीटर अंधाऱ्या बोगद्यातून पोहत जावे लागते, हे पैसे घेताना त्याने सांगितले नाही. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्कही वेगळे निघाले. बोटीत माणसे दाटीने बसवली होती आणि काही जीवरक्षक जाकिटांचे पट्टे तुटलेले होते. पाण्यावर पोट असलेल्या गावातून आल्यामुळे मला हे सहन झाले नाही आणि आई व मी पहिल्याच बेटावर उतरून राहिलो. यजमानांना हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या नावाड्याची लाँग-टेल बोट काढून दिली. लांब दांड्याच्या टोकाचा पंखा उथळ पाण्यात वर उचलता येणारी ती बोट आमच्या खाडीतल्या होड्यांनाही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

खोल्या स्वच्छ आहेत, पण वातानुकूलन यंत्राचा आवाज फार होता, म्हणून आम्ही पंखाच लावला. मे ते ऑक्टोबर तिथेही आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जायचे तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जावे. वयस्कर माणसांसाठी ख्लोंग दाओचा उथळ, संथ उताराचा किनारा निवडावा आणि खोली मागच्या बाजूची, देवघराजवळची, मागून घ्यावी. तिथे समुद्र दिसत नाही, पण सकाळी उदबत्तीचा वास येतो.