यामाहा एफ३१०: गिटार ठीक, सेटअप मात्र करूनच घ्या

ग्वाल्हेरात चाळिशीला गिटार शिकायला निघालेल्या माणसापुढे दुकानदार बहुधा यामाहाची एफ३१० ठेवतो. सल्ला वाईट नाही. खुंट्या सूर धरतात, आणि टॉप (पुढची फळी) स्प्रूस लाकडाच्या प्लायचा असल्यामुळे आपल्या हवेत टिकतो. मेमधली लू आणि जुलैचा दमटपणा यांत अख्ख्या लाकडाचा टॉप बराच खालीवर होतो, प्लायचा कमी. आवाज तेवढा भरीव येत नाही, एवढं सोसावं लागतं.

खरी अडचण ॲक्शनची, म्हणजे तारांच्या उंचीची. नव्या गिटारीच्या तारा बऱ्याचदा उंच असतात. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) स्टीलची मोजपट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सहाव्या, सर्वांत जाड तारेला २.५ मिमी, पहिलीला, सर्वांत बारीक तारेला, २ मिमीच्या आत हवं. ३ च्या वर असेल तर बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरताना मनगट भरून येतं आणि शिकणारा वयाला दोष देत बसतो.

सेटअपचा, म्हणजे ही उंची जुळवून घेण्याचा, क्रम ठरलेला आहे. आधी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.२५ मिमी फट हवी. जास्त असेल तर साउंडहोलमधून ॲलन की घालून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, मग सूर लावून पुन्हा मोजा. अडलं तर जोर करू नका. रॉड तुटला तर या किमतीच्या गिटारीची दुरुस्ती परवडत नाही.

नंतर नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. एफचा कॉर्ड पहिल्याच फ्रेटवर असल्याने तो सोपा की अवघड हे मुख्यतः इथे ठरतं. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहावी. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते, आणि मग बहुधा नटच बदलावा लागतो.

सॅडल, म्हणजे अंगावरची तारा टेकतात ती पट्टी, शेवटी. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून तिथे अर्धा मिमी कमी करायला सॅडल एक मिमी घासावा लागतो. २२० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवून फक्त खालची बाजू घासा. ती वाकडी झाली की सॅडल नीट टेकत नाही आणि आवाज दबतो.

पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेला संच जड वाटला तर ०.०१० चा लावा. ताण घटला की मान थोडी मागे जाते, तेव्हा सातव्या फ्रेटची फट पुन्हा तपासा.

अंग ड्रेडनॉटचं, म्हणजे मोठं. बुटक्या माणसाचा उजवा खांदा वर उचलला जातो, सोफ्यावर तर जास्तच. बिनहाताची खुर्ची घ्या. बजेट वाढत असेल तर लहान अंगाची एफएस८०० पाहा. तिचा टॉप मात्र अख्ख्या लाकडाचा आहे, उन्हाळ्यात जपावी लागते. लाकूड सुकू नये म्हणून भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत नीट पिळलेला ओला स्पंज घालून डबी बॅगेत ठेवा, पावसाळ्यात काढा. कुठलीही गिटार कूलरच्या झोतात टांगू नका.

ग्वाल्हेरच्या बाडा बाजारातल्या दुकानात ‘सेटअप फुकट करून देतो’ असं ऐकू आलं, तर नटच्या वेगवेगळ्या जाडीच्या कानशी दाखवायला सांगा. हॅक्सॉच्या पात्याने खाचा पाडणाऱ्याच्या हाती गिटार देऊ नका.