‘एमसीओ’ आणि ‘ईसीओ’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरोघरी बुद्धिबळाचे इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्रॅम) आलेले असताना ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, जाडजूड संदर्भग्रंथ विकत घ्यावेत का, हा प्रश्न क्लबात वरचेवर निघतो. निक दि फर्मियन यांनी तयार केलेली ‘मॉडर्न चेस ओपनिंग्ज’ (‘एमसीओ’)ची पंधरावी आवृत्ती (२००८) आणि बेलग्रेडच्या ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ने काढलेल्या ‘एनसायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज’ (‘ईसीओ’)चा ‘बी’ खंड सतत हाताशी ठेवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ते जरूर घ्यावेत; मात्र पाठांतरासाठी नव्हे, तर खेळून झालेला डाव तपासण्यासाठी.

‘एमसीओ’ १९११ पासून चालत आलेले आहे. प्रत्येक ओपनिंगच्या आरंभी त्यामागची कल्पना गद्यात समजावलेली असते, मग चालींचे उभे स्तंभ आणि खाली बारीक टाइपातल्या टिपा येतात. ‘ईसीओ’त असे गद्य नाही, सोंगट्यांची चित्रे आणि मूल्यमापनाची चिन्हे एवढ्यावरच सारा व्यवहार चालतो. ओपनिंगांना दिलेले ए ०० ते ई ९९ हे त्याचे ५०० संकेतांक (पहिले अक्षर खंडाचे) आज प्रत्येक डेटाबेसमध्ये दिसतात. चिन्हांची सवय व्हायला मला वेळ लागला, पण एकदा ती झाली की पान झरझर वाचता येते.

खरा उपयोग टिपांचा. सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकारातील विषारी प्याद्याची लाइन, म्हणजे चालींची मालिका (बी ९७) घ्या. काळा वजीर बी२ वरचे प्यादे खातो, तेव्हा इंजिन एक आकडा देऊन मोकळे होते आणि जास्त वेळ चालू ठेवले तर तो आकडाही बदलतो. पुस्तक मात्र कोणत्या चाली प्रत्यक्ष स्पर्धांत खेळल्या गेल्या ते दाखवते, आणि तिथून मूळ डावांकडे जाता येते. रेक्याविकच्या १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील अकराव्या डावात स्पास्कीने चौदाव्या चालीला सी३ वरचा घोडा बी१ वर मागे घेतला आणि पुढे फिशरचा वजीर अडकला. तो डाव पटावर लावून पाहिल्याशिवाय त्या प्याद्यातले विष समजत नाही.

सर्वांत मोठी अडचण चालींच्या क्रमाची. घोडा एफ३ ने सुरू झालेला डाव डी५, डी४, घोडा एफ६, सी४, ई६ असा गेला, तर घोडा एफ३ ची सुरुवात ‘ए’ खंडात असली, तरी तो तिथे शोधणे व्यर्थ आहे. तो क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमध्ये बदलून ‘डी’ खंडात गेलेला असतो. जुन्या मूल्यमापनांवर विसंबूही नये. २००० साली लंडनमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रामनिकने कास्पारोव्हविरुद्ध बर्लिन बचाव वापरला आणि त्या लाइनची किंमतच बदलली. त्याआधी छापलेल्या आवृत्तीत ते दिसणार कसे?

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर ‘एमसीओ’ घ्यावे. ‘ईसीओ’चे पाचही खंड एकदम घेण्याची गरज नाही. पहिली चाल ई४ खेळणाऱ्याला ‘बी’ आणि ‘सी’ पुरतात. डी४ विरुद्ध काय खेळता, त्यावर तिसरा खंड ‘डी’ की ‘ई’ हे ठरते. डी४ विरुद्ध डच बचाव खेळणाऱ्यांनी मात्र ‘ए’ घ्यावा.