बंदुकीकडे बघण्याच्या दोन नजरा

१९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमधल्या शाळेत १६ चिमुरडी आणि त्यांच्या बाई गोळीबारात गेल्या. मुलं व्यायामाच्या तासाला आली होती. पुढच्याच वर्षी ब्रिटनने खासगी हँडगनवर (पिस्तूल, रिव्हॉल्वर) जवळजवळ पूर्ण बंदी आणली. पोर्ट आर्थर इथल्या गोळीबारातल्या ३५ बळींनंतर ऑस्ट्रेलियानेही पैसे मोजून सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या. म्हणून त्यांचा अमेरिकेला थेट सवाल: आम्हाला जमलं, तुम्हाला का नाही?

अमेरिकन बंदूकधारक म्हणतो, तुमच्याकडे बंदूक बाळगणं हा परवाना होता, आमच्याकडे तो १७९१ पासूनचा घटनात्मक हक्क आहे. शिवाय मोंटानातल्या एकाकी रँचवर रात्री दार वाजलं तर शेरीफची, म्हणजे स्थानिक पोलिसांची गाडी येईपर्यंत करायचं काय? हे मला पटतं. माणसांपेक्षा बंदुका जास्त असलेल्या देशात त्या गोळा करणंही सोपं नाही.

पण अमेरिकेतल्याच सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात २० मुलं गेल्यावरही, २०१३ मध्ये, बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या आणि ऑनलाइन विक्रीत खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडला. त्यात कुणाची बंदूक काढून घ्यायची नव्हती. तिथे मी बाहेरच्यांच्या बाजूने आहे.

बाहेरचे एक मात्र विसरतात: तिथले निम्म्याहून जास्त बंदूकबळी आत्महत्येचे असतात. उशाशी असलेल्या बंदुकीच्या खणाला कुलूप आहे का, हेही तितक्याच कळकळीने विचारायला हवं.